खालच्या कुरणातला चरख्या

१८ मे, रविवार

सकाळी सात वाजता पतंगकिड्यांची पेटी उघडली. रात्रभर दिवा जळत होता तरी फक्त एकशे बारा पतंग, एकोणीस जातींचे. सगळे मोजून सोडले. बांधावरून खाजणात नजर टाकली: छोटे सुरय सदतीस, टिटव्या नऊ. थंड वारा.

पेटीपाशी एक नव्या बाई हजर होत्या. कॉरिन लार्टर, पंचेचाळिशीच्या असतील, शाळेची बस चालवतात. गेल्या हिवाळ्यात त्यांनी खालच्या कुरणाला लागून असलेलं घर घेतलं. वॉर्डन इवानने त्यांना स्वयंसेवकांत घेतलं आहे आणि मला विचारलंही नाही. बाईंना पतंगांची नावं येतात, जरा जास्तच येतात. मी एक ओळखायला लागलो की त्यांच्या तोंडात नाव तयार.

जाता जाता म्हणाल्या, "खालच्या कुरणात चरख्या गातोय, पाहिलात का?"

मी म्हटलं, सहा वर्षं नाही तिथे. त्या हसल्या आणि गेल्या.

चरख्या म्हणजे गवतात लपून बसणारा तपकिरी वटवट्या. दिसतो क्वचितच. चरखा फिरवल्यासारखा त्याचा एकसुरी आवाज, तीच त्याची ओळख. आमच्याकडची जुनी माणसं त्याला याच नावाने ओळखतात. विंटरहाइथ अभयारण्याच्या नोंदी मी एकतीस वर्षं ठेवतोय. चरख्या असता तर तो माझ्या वहीत असता.

२४ मे, शनिवार

आज कारण कळलं. अभयारण्य चालवणाऱ्या ट्रस्टला खालच्या कुरणात गाड्या लावायची जागा करायची आहे. आधी गवत कापून पट्टा मोकळा करायचा, मग खडी. कुरणात सांगण्यासारखं काही राहत नाही म्हणून ती जागा निवडली, आणि राहत नाही हे माझ्या नोंदींवरूनच ठरलं आहे. गाड्या येतील त्या लार्टरबाईंच्या कुंपणाला चिकटून. आता त्यांना तिथे चरख्या ऐकू येणारच. मला वाटलंच होतं की पाणी कुठेतरी मुरतंय.

अ‍ॅव्हरिलला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, बाई चांगली आहे. परवा मला बसमधून दुकानापर्यंत सोडलं." माझी बायको लिफ्टवर विकली जाते.

१ जून, रविवार

बाईंची पहिली लेखी नोंद आली. चरख्या, गाणारे नर दोन, २८, २९ आणि ३१ मे, पहाटे पाच ते सहा. अक्षर सुरेख, नकाशावर ठिपके. असली नोंद जिल्ह्याच्या नोंदणी कचेरीकडे जायची तर तिच्यावर माझी सही लागते. मी शेरा मारला: "पुरावा अपुरा."

या वर्षी एकंदरच सगळं उतरणीला लागलं आहे. चर्चच्या आवारातल्या यू झाडावरचा तो अंगठ्याएवढा पिवळ्या टोपीचा पक्षी चौथ्या वर्षी गायब. पाकोळ्या आल्या आहेत, पण मुक्या. आमच्या छपरावरून झुंडीने जाताना पूर्वी काय किंकाळ्या मारायच्या. शेतांत फवारतात ना, त्याचा परिणाम. मी जिल्ह्याच्या वार्षिक अहवालासाठी तसा परिच्छेद लिहून ठेवला आहे.

९ जून, सोमवार

पहाटे सव्वापाचला बाईंबरोबर कुरणात गेलो. माझ्याकडून न्यायात कसर नको. दव खूप, बूट भिजले. त्या एका काटेरी झुडपाकडे बोट दाखवून थांबल्या.

"हा बघा. आत्ता."

मी ऐकलं. चंडोल होता, लांब समुद्र होता, गवतात वारा होता. बाकी काही नाही.

"अजून चालू आहे," त्या म्हणाल्या.

खरं सांगायचं तर क्षणभर "हो, हो" म्हणावंसं वाटलं. कितीतरी जण म्हणतात. पहाटे कुडकुडत उभं राहिल्यावर माणसाला काहीही ऐकू येतं. पण मी जे ऐकत नाही ते लिहीत नाही. तसं त्यांना स्पष्ट सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. चोरी पकडली गेली की माणूस असंच बघतो. मग तोंड फिरवून काहीतरी पुटपुटल्या, मी विचारायला गेलो नाही. हल्ली सगळेच पुटपुटतात. बँकेतला मुलगा, रेडिओवरच्या बातम्या, आणि इवान तर दाढीतच बोलतो.

१७ जून, मंगळवार

घरी कटकट. अ‍ॅव्हरिलचं म्हणणं, व्हरांड्यात काहीतरी दर मिनिटाला टिक करतंय. मी शिडी लावून छत पाहिलं, पाच मिनिटं श्वास रोखून उभा राहिलो. काही नाही. तुझ्या डोक्यात वाजतंय, म्हणालो. संध्याकाळी उकडलेली अंडी आणि टोस्ट एवढंच जेवण.

२३ जून, सोमवार

बाई बरणी घेऊन दारात. आत एक रातकिडा, बाजूने पिवळी किनार. (रातकिडा म्हणायचा, पण हा दिवसाउजेडी किरकिरतो.) म्हणाल्या, खालच्या कुरणात सकाळी पकडला, तिथे दहाबारा तरी आहेत. माझ्या वहीत ही जात कुरणातून केव्हाच गेलेली आहे.

मी बरणी उजेडात धरून पाहिली. जात बरोबर होती. पण बरणीतला किडा कुठूनही आणता येतो. पलीकडच्या कालव्याकाठी हे ढिगाने असतात, मी स्वतः पाहिले आहेत.

"मी तुम्हाला फसवीन कशाला?" त्या म्हणाल्या.

"तुमच्या कुंपणापलीकडे गाड्या येणार म्हणून," मी म्हणालो. बोलून टाकलं ते बरं झालं.

त्या लाल झाल्या. म्हणाल्या, गाड्या नको आहेत हे त्या कुणापासून लपवत नाहीत, पण म्हणून पक्षी खोटा ठरत नाही. बरणी उचलून गेल्या. मग अ‍ॅव्हरिल बाहेर येऊन विचारते, त्या बरणीत एवढं कर्कश काय ओरडत होतं? मी म्हटलं, बाई ओरडत होत्या.

२ जुलै, बुधवार

उन्हाळ्यात गवत कापायचं तर आधी कुणीतरी घरटी बघून लेखी द्यावं लागतं. ते काम माझं. कुरणाच्या समुद्राकडच्या अर्ध्या भागात सकाळी साडेपाच ते साडेसात आडवा-उभा फिरलो, दर पन्नास पावलांवर दोन मिनिटं थांबून ऐकलं. तिरचिमणीच्या एका जोडीशिवाय काहीही नाही, आणि तीही कुंपणाच्या पलीकडे. कुरणात इतकं शांत मला कधी वाटलं नव्हतं.

सही केली. इवानने कागद घेताना विचारलं, "क्लिफर्ड, नक्की ना?" दोनदा विचारलं. बाईंनी त्याचे कान भरलेले दिसतात.

४ जुलै, शुक्रवार

समुद्राकडचा पट्टा कापला.

६ जुलै, रविवार

बाई पेटी उघडायला आल्या नाहीत. दुपारी घरी आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. कापलेल्या गवताखालच्या एका घरट्याचा फोटो, आत पाच अंडी. गार पडलेली, म्हणाल्या.

"चरख्याची आहेत. तुम्हाला माहीत आहे."

मी म्हटलं, फोटोवरून सांगता येत नाही, तिरचिमणीची असू शकतात. आणि फोटो कुठला आहे हे कोण सांगणार? फोटो अंधुकही होता. चहाला थांबता का विचारलं, नाही म्हणाल्या.

आज पतंग दोनशे छत्तीस, उन्हाळ्यातला सगळ्यात चांगला दिवस. एक मोठा गुलाबी पतंग सकाळी माझ्या बाहीवर बराच वेळ बसला होता.

१० जुलै, गुरुवार

आता त्या पुरत्या सापडल्या.

उद्या चारला ट्रस्टच्या कमिटीची सभा आहे. उरलेल्या अर्ध्या कुरणाचा निर्णय व्हायचा आहे. बाईंनी पुरावा म्हणून ध्वनिमुद्रण पाठवलं: "चरख्या, खालचं कुरण, ७ जुलै, पहाटे ५.१०, चार मिनिटं." अ‍ॅव्हरिल चर्चमध्ये घंटा वाजवायच्या सरावाला गेली होती. मी लॅपटॉपला मोठे स्पीकर जोडले आणि आवाज पूर्ण वाढवून तीनदा ऐकलं.

वारा. एक टिटवी. शेवटी रस्त्यावरून कुणाची तरी गाडी. एवढंच.

चार मिनिटांत चरख्याचा पत्ता नाही. बाईंना वाटलं असणार, सभेत कोण ऐकत बसणार, कागदावर नाव आहे ना? इतकी वर्षं नोंदी ठेवणाऱ्या माणसाला कुणी इतकं बावळट समजावं याचं जास्त वाईट वाटलं. आमचं मांजर, पिकल, तेवढं तिन्ही वेळा स्पीकरसमोर येऊन बसलं आणि पंजा मारत राहिलं. ऊब लागत असेल.

इस्त्री केलेला शर्ट काढून ठेवला आहे. उद्या काही बोलायचं नाही, फक्त वाजवून दाखवायचं.

११ जुलै, शुक्रवार. संध्याकाळ

झालं ते क्रमाने लिहितो.

गावच्या हॉलमध्ये आम्ही नऊ जण. अध्यक्षा मिसेस गॉट्स, डावीकडे इवान, समोर लार्टरबाई. माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहिलो. म्हणालो, एका सदस्याने आपल्या स्वार्थासाठी अभयारण्याच्या नोंदी बाटवल्या आहेत, आणि पुरावा तिनेच दिलेला आहे. शब्द पाठ करून गेलो होतो. मग ध्वनिमुद्रण लावलं.

वारा. मी सगळ्यांची तोंडं बघत होतो. त्यांनाही कळत असेल असं वाटलं. मिसेस गॉट्सनी मान किंचित कलती केली आणि त्या चक्क हसल्या. दोघातिघांनी माना डोलावल्या. इवान टेबलाकडे बघायला लागला. टिटवी ओरडली. नंतर कुणी माझ्याकडे बघेना.

"किती स्वच्छ आलंय," मिसेस गॉट्स म्हणाल्या. "पण क्लिफर्ड, यातून तुम्हाला दाखवायचंय काय?"

"हेच, की यात चरख्या नाही."

बाकीची दोन मिनिटं सगळे तसेच बसून होते आणि मी उभा होतो. गाडी गेली. लार्टरबाईंनी हात लांब करून लॅपटॉप मिटला. मला वाटलं त्या जिंकल्यासारख्या बघतील, पण त्या रडवेल्या झाल्या होत्या.

मी घरी आलो. वाटेत एकच विचार: बाई घरोघर फिरल्या आहेत, सगळ्यांना आधी फितवून ठेवलंय. आठ माणसं एकदम खोटं बोलत होती. मिसेस गॉट्ससुद्धा.

सभेत नसलेली एक साक्षीदार मला हवी होती. अ‍ॅव्हरिल वाटाणे सोलत होती. तिला काही न सांगता ध्वनिमुद्रण लावलं आणि विचारलं, काय ऐकू येतं?

"वारा," ती म्हणाली. "आणि ते शिवणाच्या मशीनवर रीळ भरतात तसं सलग काहीतरी."

"कधी?"

"आत्ता. मघापासून. थांबलंच नाहीये, क्लिफ."

मी स्पीकरला कान लावला. वारा होता.

तिने वाटाण्यांचं भांडं बाजूला ठेवलं. व्हरांड्यातलं टिकटिक धुराच्या गजराचं होतं, म्हणाली. बॅटरी संपत आली की वाजतो. तीन आठवडे वाजत होता. शेवटी शेजाऱ्याकडून बदलून घेतली, मला न कळवता.

मी म्हटलं, "मग मला आधी का नाही सांगितलंस? टिकटिकीचं नाही. हे."

"सांगितलं. चारदा. चौथ्यांदा तुला ऐकू आलं नाही."

तिला हसवायचं होतं मला. मला हसू आलं नाही.

१२ जुलै, शनिवार

ते घरटं चरख्याचंच होतं. फोटो अंधुक नव्हता. गुलाबी झाक, त्यावर तांबूस पूड भुरभुरावी तसे बारीक ठिपके. तिरचिमणीची अंडी अशी नसतात. मी पहिल्याच नजरेत ओळखलं होतं आणि ओळखून तसं बोललो, इथेही तसंच लिहिलं. ही वही फक्त माझी आहे, इथे खोटं बोलायची काही गरज नव्हती.

१८ जुलै, शुक्रवार

कानाच्या तपासणीला जाऊन आलो. काचेच्या खोलीत बसवून तिथल्या तपासणाऱ्या बाईंनी हेडफोन लावला, आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ काही आलं नाही, मला वाटलं यंत्र बिघडलं. नंतर आलेख दाखवला. डावीकडे रेघ ठीक चालते आणि उजवीकडे, उंच आवाजांपाशी, एकदम खाली कोसळते. बोलणं पुष्कळसं कळतं, बारीक उंच आवाज गेलेत. हे या वर्षाचं नाही, आठेक वर्षांचं असेल, म्हणाल्या. कानात घालायच्या यंत्राने बोलणं जास्त कळेल. पक्ष्याचं विचारलं, तर म्हणाल्या, आशा धरू नका.

घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. मी चरख्या शेवटचा कधी ऐकला? सहा वर्षांपूर्वी, २ जूनला. ओळ अशी: "चरख्या १. गारठा. लवकर घरी." मला तो सकाळचा प्रहर आठवतच नाही. लवकर घरी का आलो तेही आठवत नाही.

त्यानंतर सहा वर्षं शून्यच शून्य. आमच्या कामात शून्याला फार किंमत असते. शून्य म्हणजे नीट शोधलं आणि नव्हतं. शोधलंच नसेल तर आडवी रेघ मारतात. माझी शून्यं कुणी तपासली नाहीत, कारण ती माझी होती. त्यांच्यावरून जिल्ह्याच्या अहवालात चरख्या "विंटरहाइथमधून नाहीसा" झाला. यूवरचा पिवळ्या टोपीचा नाहीसा झाला. पाकोळ्या मुक्या झाल्या.

दुपारभर बसून एकेक शून्य खोडलं आणि रेघ मारली. चरख्या, रातकिडे, यूवरचा तो, सगळ्यांची मिळून दोनशे चौदा. जिल्ह्याला पत्र लिहिलं की या सहा वर्षांतल्या माझ्या नोंदी धरू नयेत, आणि कारण एका वाक्यात लिहिलं. ट्रस्टला दुसरं पत्र: २ जुलैच्या कागदावरची माझी सही चुकीची होती, उरलेल्या कुरणाला हात लावू नका. अ‍ॅव्हरिलने दोन्ही पत्रं पेटीत टाकली. मला तिथवर जाववेना.

२१ जुलै, सोमवार

इवानचा फोन, मोठ्याने बोलला, आभार. गाड्यांचा बेत रद्द. निदान त्या कुरणात तरी नाही. कापलेला पट्टा वाढू देणार.

संध्याकाळी लार्टरबाईंच्या फाटकाशी गेलो. त्या बस धूत होत्या. मी माफी मागितली. सभेतलं बोलणं, बरणी, फोटो, एकेक नाव घेऊन मागितली.

त्यांनी नळ बंद केला. "सभेचं मी विसरेन," त्या म्हणाल्या. "पण त्या अंड्यांचं काय करू तुमच्या माफीने?"

मी म्हटलं, नोंदींचं काम तुम्ही घ्या, एकतीस वह्या उद्या पोचवतो. त्या म्हणाल्या, वह्या मिळतील हो, पण मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, माझे आकडे गोंधळतात.

त्यांनी नळ पुन्हा सोडला. मग म्हणाल्या, "उद्या सव्वापाचला या. पेन्सिल आणा. पेन दवात चालत नाही."

एकतीस वर्षांत मला कुणी पेन्सिल आणायला सांगितलं नव्हतं.

२२ जुलै, मंगळवार

पाचलाच गेलो. कॉरिन आधीच तिथे होती. उरलेल्या कुरणाच्या मधोमध, कमरेएवढ्या गवतात आम्ही उभे राहिलो. तिनेच ठरवलं: तो गायला लागला की ती हात वर करणार, थांबला की खाली. वेळ मी घड्याळात बघायची.

पाच बावीसला तिचा हात वर गेला.

मी ऐकायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. मग सोडला आणि तिच्या हाताकडे बघत राहिलो. तिची नजर डावीकडच्या झुडपावर होती, ओठ जरा उघडे होते. तिला जे मिळत होतं ते मला मिळत नव्हतं आणि मला त्याचा हेवा वाटला, हेही लिहून ठेवतो. दोन मिनिटांनी तिचा हात भरून आला. तिने दुसऱ्या हाताने कोपर धरलं, पण खाली घेतला नाही.

चार मिनिटं वीस सेकंद. वहीत मी लिहिलं: चरख्या, गाणारा नर एक, खालचं कुरण. ऐकलं: कॉरिन लार्टर. तिथे नेहमी माझं नाव असे. माझं मी शेवटी बारीक अक्षरात घातलं, लिहून घेणारा म्हणून.

पेन्सिल खिशात ठेवणार, तोच तिने हात पुन्हा वर केला.